बॅच तीच, रांग दुसरी

१ ऑगस्ट २०२३ पासून भारतीय भूदलातल्या ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सर्व अधिकाऱ्यांचा गणवेश एकसारखा झाला. टोपी, खांद्यावरची चिन्हं, कॉलरवरच्या पट्ट्या, कमरेचा पट्टा, बूट हे सगळं समान झालं आणि रेजिमेंटची ओळख सांगणारा लॅनयार्ड गेला. या हुद्द्यावरच्या माणसाने आपण पायदळातले, तोफखान्यातले की सप्लाय कोअरमधले हे बाजूला ठेवून सगळ्या सैन्याकडे सारख्या नजरेने पाहावं, ही त्यामागची भूमिका. भूमिका रास्त आहे. पण त्या हुद्द्याला पोचेपर्यंतच्या साऱ्या नोकरीत अधिकाऱ्याचं भवितव्य त्याच्या शाखेशीच बांधलेलं असतं. मग ज्याने वाटेत शाखा बदलली, किंवा ज्याला ती बदलावी लागली, त्याच्या बढतीचं काय होतं?

नियमांच्या पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे आणि ते बरंचसं दिलासा देणारं आहे. प्रत्यक्षातलं उत्तर तितकं सरळ नाही. सगळी अडचण या दोन उत्तरांमधल्या अंतरात आहे.

आधी बढतीची रचना पाहू. सुरुवातीचे हुद्दे काळाच्या हिशेबाने मिळतात. कमांडिंग ऑफिसरांचं वय खाली आणायला हवं, हा कारगिलच्या लढाईनंतर निघालेला एक मोठा निष्कर्ष होता. त्यासाठी नेमलेल्या अजय विक्रम सिंह समितीच्या शिफारशी डिसेंबर २००४ पासून लागू झाल्या. तेव्हापासून कमिशननंतर २ वर्षांनी कॅप्टन, ६ वर्षांनी मेजर आणि १३ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल, असा हिशेब ठरला. बढतीच्या परीक्षा पास झालेल्या असाव्यात, वैद्यकीय दर्जा असावा, शिस्तीची कारवाई चालू नसावी, एवढ्याच अटी. शाखा बदलली तरी कमिशनची तारीख बदलत नाही, त्यामुळे या टप्प्यापर्यंत बदली झालेल्या अधिकाऱ्याचं फारसं काही बिघडत नाही.

खरी कसोटी कर्नलपासून सुरू होते. कर्नल आणि त्यापुढचे हुद्दे निवडीचे. कर्नलसाठी तीन क्रमांकाचं निवड मंडळ, ब्रिगेडियरसाठी दोन क्रमांकाचं, मेजर जनरलसाठी एक क्रमांकाचं आणि लेफ्टनंट जनरलसाठी विशेष मंडळ. अधिकाऱ्याचा विचार त्याच्या बॅचबरोबर होतो. पहिली संधी ‘फ्रेश’ म्हणून, नंतर पहिला आणि शेवटचा असे दोन फेरविचार. तिन्ही वेळा नाव आलं नाही तर तो कायमचा ‘सुपरसीड’. पुढे २६ वर्षांच्या सेवेवर काळाच्या हिशेबाने कर्नलचा हुद्दा मिळू शकतो, पण युनिटची कमान त्यातून मिळत नाही आणि वरची वाट बंदच राहते.

या निवडीचा एक धागा बाहेरच्या वाचकाला सहसा दिसत नाही. कर्नलच्या जागा शाखावार वाटलेल्या असतात. पायदळाचा लेफ्टनंट कर्नल पायदळातल्या आपल्या बॅचशी स्पर्धा करतो, सिग्नल्सचा सिग्नल्समधल्या बॅचशी. त्यामुळे शाखा बदललेल्या अधिकाऱ्याची बॅच तीच राहते, पण रांग दुसरी होते. त्या रांगेत किती जागा आहेत, तिथल्यांनी कोणत्या युनिटची कमान केली आहे, त्यांचे गोपनीय अहवाल कोणी आणि कशा भाषेत लिहिले आहेत, यांतलं काहीच त्याच्या हातात नसतं.

रांगेरांगेत किती फरक असू शकतो, हे २००९ ते २०१६ या काळात देशाला दिसलं. अजय विक्रम सिंह समितीच्या दुसऱ्या टप्प्यात भूदलाला कर्नलच्या ७३४ जादा जागा मिळाल्या. त्या शाखांना संख्याबळाच्या प्रमाणात वाटायच्या की वेगळा निकष लावायचा, असा प्रश्न होता. जानेवारी २००९ च्या धोरणाने वेगळा निकष लावला. ज्या शाखांत तरुण कमांडर हवेत तिथे कमानीचा कालावधी छोटा ठेवायचा. एक कमांडर लवकर बाहेर पडला की त्याच्या जागी दुसरा येणार, म्हणून त्या शाखेला जागा जास्त. याचा लाभ मुख्यतः पायदळाला आणि तोफखान्याला झाला. सप्लाय, ऑर्डनन्स अशा सेवा शाखांमधल्या अधिकाऱ्यांना हे असह्य वाटलं. एकाच प्रबोधिनीतून, एकाच दिवशी, एकाच मैदानावर संचलन करून बाहेर पडलेल्यांपैकी एकाला कर्नल होण्याची संधी दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि शाखा तर प्रबोधिनीतल्या शेवटच्या दिवसांत ठरलेली. मार्च २०१५ मध्ये सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने हे धोरण रद्द केलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा निर्णय फिरवून धोरण कायम ठेवलं, पण लढाऊ साहाय्यक शाखांसाठी कर्नलच्या १४१ जादा जागा निर्माण करण्याचा आदेशही दिला.

निकालामागचा विचार मला कायद्याच्या अंगाने पटतो. बढती मिळणं हा हक्क नाही, बढतीसाठी विचार होणं हा हक्क आहे, ही आपल्या न्यायालयांची जुनी आणि पक्की भूमिका. हिमालयातल्या चौकीवर जाणाऱ्या बटालियनचा कमांडर तरुण असावा, हा लष्करी गरजेचा निर्णय न्यायालयाने करायचा नसतो. तरी शाखा बदलणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने निकालाचा अर्थ कठोर आहे. एका शाखेतून दुसरीत जाताना त्याची ज्येष्ठता शाबूत राहिली, तरी त्या ज्येष्ठतेची किंमत बदलू शकते, आणि हे कायदेशीर आहे.

आता प्रश्न येतो की शाखा बदलतं कोण आणि का.

कधी शाखाच नवी जन्माला येते. १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर स्थापन झाली. त्याआधी भूदलाचे हवाई निरीक्षण करणारे वैमानिक तोफखान्याच्या छत्राखाली होते. १० जानेवारी १९९४ पासून हवाई संरक्षण ही शाखाही तोफखान्यातून वेगळी झाली. अशा वेळी माणसं घाऊक जातात, आपली युनिटं आणि आपले सोबती घेऊन जातात, म्हणून एकेकट्याचं नुकसान कमी होतं. सगळी रांगच उठून दुसरीकडे उभी राहते. नाशिककरांना एव्हिएशन शाखेची ओळख करून द्यायला नको. भूदलाच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण तिथेच होतं. २०२२ च्या मे महिन्यात तिथून ‘विंग्ज’ घेऊन बाहेर पडलेल्या, भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक कॅप्टन अभिलाषा बराक यांना २०१८ साली कमिशन मिळालं होतं ते आर्मी एअर डिफेन्समध्ये. एव्हिएशन ही शाखा अनेक वर्षं अशीच, दुसरीकडून आलेल्यांवर वाढत गेली.

कधी अधिकारी स्वतःहून जातो. गुप्तवार्ता विभाग किंवा कायदा विभाग यांसारख्या शाखांना काही वर्षं इतरत्र काढलेली, आवड आणि पात्रता असलेली माणसं हवी असतात. अशा शाखा आकाराने लहान. लहान शाखेत वरच्या जागा मोजक्या, त्यामुळे एखाद्या बॅचला दोन जागा आणि पुढच्या बॅचला एक, असंही होऊ शकतं. आवडीचं काम मिळतं, पण पुढच्या वाटेचा अंदाज बांधता येत नाही.

आणि कधी शरीर साथ देत नाही. पायदळातल्या अधिकाऱ्याला गोळी लागते, उंचीवर फुप्फुसं निकामी होतात, गुडघा जातो. वैद्यकीय दर्जा ‘शेप-१’ या पूर्ण तंदुरुस्तीच्या श्रेणीवरून खाली येतो, मग त्याला कमी दगदगीच्या शाखेत पाठवलं जातं. तिथे कमान, कोर्स, खात्याचं तंत्र सगळं नव्याने शिकायचं असतं. त्याच्या नव्या बॅचमेटांनी तेच काम आठ-दहा वर्षं केलेलं असतं. या गटाविषयी मला सर्वांत जास्त वाटतं. इथे माणसाने निवड केलेली नसते. त्याच्या जुन्या अहवालांत दहशतवादविरोधी मोहिमेतलं धैर्य नोंदलेलं असतं, नव्या मंडळाला मात्र साठा-नियोजनातली हातोटी शोधायची असते. निवड मंडळापुढे अधिकाऱ्याची ओळख झाकलेली असते, ही पद्धत निःपक्षपातासाठी उत्तम आहे. पण त्या कागदावर गुण दिसतात, त्यांच्यामागची वाट दिसत नाही. अर्धी नोकरी एका मापाने आणि अर्धी दुसऱ्या मापाने मोजलेली असली, तरी बेरीज एकच मांडली जाते.

चौथा प्रकार म्हणजे लढाऊ दल सोडून संरक्षणाच्याच दुसऱ्या संस्थेत कायमचं जाणं. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेत, गुणवत्ता हमी महासंचालनालयात तिन्ही दलांतले अधिकारी गेले, काही तिथेच स्थिरावले. पुण्याच्या पाषाणच्या किंवा दिघीच्या प्रयोगशाळांच्या आसपास राहणाऱ्यांना असे गणवेशातले शास्त्रज्ञ ठाऊक असतील. इथे ज्येष्ठतेचा गुंता सर्वांत जुना आहे, कारण भूदलाचा मेजर, नौदलाचा लेफ्टनंट कमांडर आणि वायुदलाचा स्क्वाड्रन लीडर एका यादीत लावायचे कसे? संस्थेत आलेल्या तारखेने, की आपापल्या दलात हुद्दा मिळाल्याच्या तारखेने? वायुदलाच्या एका विंग कमांडरने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. न्यायालयाने १९८२ मध्ये मूळ दलातली सेवा आणि हुद्दा मोजणारा नियम योग्य ठरवला. वेगवेगळ्या ठिकाणांहून माणसं घेऊन नवं केडर उभारताना त्यांची मागची सेवा पुसून टाकणं अन्यायाचं होईल, हा त्यातला गाभा.

त्याच सुमारास मुंबईच्या शिधावाटप नियंत्रक कार्यालयातला वादही सर्वोच्च न्यायालयात गाजला होता. निरनिराळ्या सरकारी खात्यांतून आलेल्या कर्मचाऱ्यांची ज्येष्ठता लावताना समकक्ष पदावरची आधीची सेवा मोजणं न्याय्य आहे, असं तिथेही ठरलं. पुढे १९९९ मध्ये सीमा सुरक्षा दलातून दिल्ली पोलिसांत सामावून घेतलेल्या उपनिरीक्षकांना याच तत्त्वाचा आधार मिळाला. दुसऱ्या बाजूला, स्वतःच्या विनंतीवरून केडर बदलणाऱ्याने नव्या यादीत तळाशी बसावं, हेही नागरी सेवांतलं तितकंच रुळलेलं तत्त्व. दोन्ही मिळून एक समंजस मांडणी तयार होते: सरकारने आपल्या गरजेसाठी हलवलं तर मागची सेवा सोबत येते, स्वतः मागून गेलात तर किंमत मोजावी लागू शकते. सैन्यात मात्र ‘स्वतः मागून’ आणि ‘गरजेसाठी’ यांतली रेघ फार पुसट असते. वैद्यकीय दर्जा घसरलेल्या अधिकाऱ्याने फॉर्मवर सही केली, म्हणजे त्याने मागणी केली असं म्हणायचं का?

तटरक्षक दलाची गोष्ट उलट्या बाजूने सांगण्यासारखी आहे. १९७७ मध्ये अंतरिम स्वरूपात आणि ऑगस्ट १९७८ मध्ये कायद्याने उभं राहिलेलं हे दल नौदलातून आलेल्या अधिकाऱ्यांनी वाढवलं. पहिले महासंचालक व्हाइस ॲडमिरल व्ही. ए. कामत नौदलाचेच. मुंबई, रत्नागिरीपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर या दलाची जहाजं, ठाणी रुजली, दलात थेट भरती झालेले अधिकारी वर येऊ लागले, पण सर्वोच्च पदावर वर्षानुवर्षं नौदलातून आलेले अधिकारीच बसत राहिले. तटरक्षक दलातच कमिशन घेतलेले राजेंद्र सिंह महासंचालक झाले ते २०१६ मध्ये, कायद्याला ३८ वर्षं होत आली तेव्हा. म्हणजे बाहेरून येणारा दरवेळी मागेच राहतो असं नाही. तो वरच्या हुद्द्यावर येत असेल तर आत वाढलेल्यांची वाट अडते. बदली होऊन आलेल्याला पूर्ण संरक्षण द्या, अशी सरसकट मागणी करणाऱ्यांनी ही बाजूही पाहावी.

अमेरिकेत हा विषय अधिक उघडपणे कायद्यात लिहिलेला आहे. एका दलातून दुसऱ्या दलात अधिकाऱ्याची बदली करण्याचा अधिकार तिथे राष्ट्राध्यक्षांना आहे, त्यासाठी अधिकाऱ्याची संमती लागते, आणि बदलीनंतर त्याला आदल्या दिवशी होती त्यापेक्षा वरची ज्येष्ठता देता येत नाही. हुद्दा मिळाल्याची तारीख सोबत जाते. १९८० च्या अधिकारी व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक दलाची स्वतंत्र यादी, हुद्द्यावरचा किमान काळ आणि दोनदा निवड हुकली की बाहेरची वाट, अशी कडक चौकट घातली. पात्रतेचा किमान काळ जुन्या तारखेवरून मोजला जातो म्हणून नव्या दलात येऊन थोडाच काळ झालेला अधिकारीही मंडळापुढे लवकर जाऊ शकतो, आणि तिथेच धोका असतो. अहवाल जुन्या दलाचे, मंडळ नव्या दलाचं, आणि हुकलेली प्रत्येक संधी मोजली जाणारी. २० डिसेंबर २०१९ रोजी तिथे अंतराळ दल स्थापन झालं, आधी वायुदलातून आणि मग भूदल, नौदल, मरीन कोअरमधून अधिकारी आले, तेव्हा हा जुना प्रश्न नव्याने ऐरणीवर आला.

तिथली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. १९८६ च्या गोल्डवॉटर-निकल्स कायद्याने संयुक्त नेमणूक केल्याशिवाय जनरल किंवा ॲडमिरल होता येणार नाही, अशी अट घातली हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली. संयुक्त मुख्यालयात काम करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या बढतीचं प्रमाण त्यांच्या स्वतःच्या दलाच्या मुख्यालयातल्या अधिकाऱ्यांपेक्षा कमी असू नये, असं उद्दिष्ट कायद्यात लिहिलं. म्हणजे ‘तुमच्यावर अन्याय होणार नाही’ या आश्वासनाला मोजमापाची जोड दिली. आकडे खाली आले तर जाब विचारता येतो.

आपल्याकडे आज नेमकं हेच हवं आहे, कारण दलांमधली ये-जा वाढते आहे. अंदमान-निकोबारमध्ये २००१ पासून तिन्ही दलांची संयुक्त कमान आहे. २०२० च्या आरंभी जनरल बिपिन रावत पहिले संरक्षण दल प्रमुख झाले. २०२३ पासून मेजर आणि लेफ्टनंट कर्नल दर्जाचे अधिकारी एकमेकांच्या दलांत नेमायला सुरुवात झाली. पहिल्या टप्प्यात ते शंभरच्या आसपास होते. ही कायमची बदली नव्हे, अधिकारी आपल्याच दलाच्या यादीत राहतो. पण अहवाल लिहिणारा दुसऱ्या दलाचा आणि निवड करणारं मंडळ स्वतःच्या दलाचं, हा गुंता तोच आहे. वायुदलाच्या क्षेपणास्त्र तळावर दोन वर्षं उत्तम काम केलेल्या मेजरचा अहवाल तीन क्रमांकाच्या मंडळाने कसा वाचायचा? त्याच काळात त्याचा बॅचमेट रायफल कंपनी घेऊन नियंत्रण रेषेवर असतो. २०२३ मध्येच संमत झालेल्या आंतरदल संघटना कायद्याने संयुक्त कमांडरला तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीचे अधिकार दिले. सेवाशर्ती मात्र ज्याच्या त्याच्या दलाच्या कायद्याखालीच राहिल्या. मेजर जनरल आणि लेफ्टनंट जनरल दर्जासाठी तिन्ही दलांत समान अहवालपद्धती आणायचं पाऊलही उचललं गेलं. पण नशीब ठरतं ते त्याच्या कितीतरी खाली, कर्नलच्या उंबरठ्यावर, आणि समान अहवालाची गरज तिथे अधिक आहे.

अहवाल कोणत्या परिस्थितीत लिहिला गेला हे न पाहता तो वाचला तर काय होतं, हे महिला अधिकाऱ्यांच्या खटल्यांनी दाखवून दिलं आहे. मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावर बोट ठेवलं: ज्या काळात या अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन मिळणारच नव्हतं, त्या काळात वरिष्ठांनी त्यांचे अहवाल फारशा काळजीने लिहिलेच नव्हते, आणि नंतर त्याच अहवालांवर त्यांची पुरुष सहकाऱ्यांशी तुलना झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये कर्नलच्या निवडीबाबत न्यायालयाला पुन्हा हस्तक्षेप करावा लागला. शाखा बदललेल्यांची अडचण याच जातीची आहे. अहवाल खोटा नसतो. तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिलेला असतो.

दाद मागायचे मार्ग आहेत. भूदल कायद्याच्या कलम २७ खाली केंद्र सरकारकडे तक्रार, आणि २००७ च्या कायद्याने आलेलं सशस्त्र सेना न्यायाधिकरण. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. अहवालातली विसंगत नोंद काढली जाते, मग त्या अधिकाऱ्याचा नव्याने विचार होतो. पण वेळ फार जातो. बहुतेक शाखांत लेफ्टनंट कर्नल आणि कर्नल ५४ व्या वर्षी निवृत्त होतात. निकाल हाती येईपर्यंत बॅच दोन हुद्दे पुढे गेलेली असते, आणि उशिरा मिळालेल्या कर्नलपदावर युनिटची कमान करायला वय आणि वेळ दोन्ही उरत नाहीत. अमेरिकेत चुकीमुळे विचार राहून गेलेल्यांसाठी विशेष निवड मंडळ बसवण्याची आणि त्याने निवडलेल्याला मूळ मंडळाच्या हिशेबाने ज्येष्ठता देण्याची तरतूद कायद्यातच आहे.

माझी मागणी खर्चिक नाही. शाखा किंवा दल बदलण्याच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी अधिकाऱ्याला तीन गोष्टी लेखी मिळाव्यात: नव्या शाखेत त्याच्या बॅचला अपेक्षित असलेल्या कर्नलच्या जागा, कमानीची अट पूर्ण करायला मिळणारा काळ, आणि जुन्या शाखेतले अहवाल कसे मोजले जाणार याचा नियम. वैद्यकीय कारणाने हलवलेल्याची सही स्वेच्छेची धरू नये, आणि नव्या शाखेत किमान दोन पूर्ण अहवाल होईपर्यंत त्याची पहिली संधी मोजू नये. आणि दरवर्षीच्या तीन क्रमांकाच्या मंडळानंतर शाखा बदललेल्यांपैकी किती निवडले गेले आणि त्याच शाखेत मुळापासून असलेल्यांपैकी किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी प्रसिद्ध व्हावेत. नावं नकोत, युनिटं नकोत. गोपनीयतेला यातून धक्का लागत नाही. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत एकाच स्क्वाड्रनमध्ये तिन्ही दलांचे कॅडेट तीन वर्षं एकत्र घडतात. पुढे त्यांतला एखादा दुसऱ्या शाखेत गेला, तर त्याला आणि त्याच्या घरच्यांना हे दोन आकडे विचारायचा हक्क असला पाहिजे.